युद्धातली भूक: वांद्रे, अंधेरी आणि वळिवडे

मुंबईच्या रेशन कार्डाची जन्मतारीख २ मे १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. वर्षभर आधी, मार्च १९४२मध्ये, रंगून जपान्यांच्या ताब्यात गेलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला. मुंबई शहराचं पोट बऱ्याच अंशी त्या तांदळावर चालत होतं, आणि मुंबई इलाखा काही स्वतःपुरतं धान्य पिकवणारा प्रांत नव्हता. सरकारनं माणसं मोजली, कार्डं छापली, कुठल्या घरानं कुठल्या दुकानातून धान्य घ्यायचं ते ठरवून दिलं. हिंदुस्थानातल्या मोठ्या शहरांत संपूर्ण रेशनिंग पहिल्यांदा झालं ते इथे. कलकत्त्यात ते यायला १९४४चा जानेवारी उजाडला, आणि तोवर बंगालमध्ये लाखो माणसं मेली होती. दुष्काळ चौकशी आयोगानं मृत्यूंचा आकडा १५ लाखांच्या आसपास धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला.

नुसतं रेशनिंग नव्हतं म्हणून बंगाल मेला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मेले ते मुख्यतः खेड्यांतले भूमिहीन मजूर आणि मच्छीमार, आणि कलकत्त्यातलं रेशनिंग त्यांच्यापर्यंत पोहोचलंही नसतं. पण या दोन प्रांतांची तुलना एक गोष्ट डोळ्यांत भरवते. युद्धकाळात उपासमार होते तेव्हा धान्य जगातून नाहीसं झालेलं नसतं. ते कुठेतरी असतं. त्याची वाट कुणीतरी अडवलेली असते, किंवा ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी कुणी घेतलेली नसते. मदतीबद्दल बोलताना आपण पोती मोजतो. मोजायला हवी ती वाट, आणि ती कुणाच्या हातात आहे ते. मुंबईच्या उपनगरांचा आणि एकूण महाराष्ट्राचा अशा मदतीशी आलेला संबंध आपल्या समजुतीपेक्षा जुना आहे. तो एकदा सलग पाहावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

रेशनच्या रांगेत आज उभं राहणाऱ्याला आपण एका महायुद्धाच्या व्यवस्थेत उभे आहोत याची कल्पना नसते. राज्यात इतरत्र पुरवठ्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं. मुंबईला मात्र अजूनही वेगळे शिधावाटप नियंत्रक आहेत आणि ‘मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्र’ नावाचं वेगळं क्षेत्र आहे. बोरिवली पूर्वेला अन्न महामंडळाची गोदामं आहेत. उपनगरातल्या कितीतरी घरांचा तांदूळ-गहू तिथून निघतो, दुकानात उतरतो आणि अंगठा टेकवल्यावर पिशवीत पडतो. कंटाळवाणी, तक्रारींनी भरलेली, उंदरांनी कुरतडलेली अशी ही यंत्रणा आहे. तरीही युद्धातल्या भुकेवर माणसानं शोधलेल्या उपायांत हिच्याइतका खात्रीचा उपाय क्वचितच सापडेल. ‘आमच्या भागात रेशन नको, दर्जा बघा’ म्हणणाऱ्यांनी एकदा १९४३चा बंगाल वाचावा.

तिथे काय झालं होतं? जपानी येतील या भीतीनं सरकारनं किनारपट्टीच्या जिल्ह्यांतला जादा तांदूळ उचलला आणि हजारो होड्या जप्त किंवा नष्ट केल्या. ज्याची होडी गेली त्याची मासेमारीही गेली आणि धान्य आणायचं साधनही गेलं. प्रांताप्रांतांनी आपापलं धान्य बाहेर जायला बंदी घातली. लष्कर आणि कलकत्त्याचे कारखाने यांच्यासाठी आधी खरेदी झाली, भाव चढले, आणि रोजंदारीवाल्याच्या हातातला पैसा निरुपयोगी ठरला. अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं: धान्याची आवक इतकी कोसळलेली नव्हती, कोसळली होती ती माणसांची धान्य मिळवण्याची ताकद. सरकारनं दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ जाहीरही केला नाही, कारण जाहीर केला असता तर संहितेप्रमाणे मदत बांधील झाली असती. हा डाव आजही खेळला जातो. त्याकडे पुढे येतोच.

बंगालच्या बातमीवर युद्धकाळातली बंधनं होती, तेव्हा ती गाण्यांतून, चित्रांतून आणि नाटकांतून देशभर गेली. या प्रवासातलं एक मोठं ठाणं अंधेरीत होतं. मे १९४३मध्ये मुंबईत ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तिचं मध्यवर्ती पथक अंधेरीत राहायला आलं. शांती वर्धन नृत्य बसवत होते, १९४५मध्ये तरुण रविशंकर संगीत देत होते, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुलंमुली एकाच छताखाली राहून, स्वयंपाक वाटून घेऊन तालमी करत होती. त्यांचे प्रयोग गावोगाव होत आणि गोळा झालेला पैसा बंगालच्या मदतीला जाई. चित्तप्रसाद हे चित्रकार मिदनापूरच्या खेड्यांतून पायी फिरले. भुकेल्यांची रेखाटनं आणि सोबत लिहिलेल्या नोंदी यांचं त्यांचं ‘हंग्री बेंगॉल’ हे छोटं पुस्तक सरकारनं जप्त करून जाळलं. हे चित्तप्रसाद १९४६नंतर मुंबईत आले आणि अंधेरीतच स्थिरावले. आयुष्याचा पुढचा बहुतेक काळ त्यांनी तिथल्या एका साध्या खोलीत काढला. अंधेरी म्हटलं की आज मेट्रोचं स्टेशन आणि चित्रपटांचे स्टुडिओ आठवतात. उपनगराच्या इतिहासात या दोन मुक्कामांची नोंद ठळकपणे व्हायला हवी होती, असं मला वाटतं.

मराठीत बंगालची बातमी लोकांपर्यंत नेण्याचं हे काम अण्णा भाऊ साठे यांनी केलं. ‘बंगालची हाक’ हा त्यांचा पोवाडा त्याच काळातला. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४मध्ये उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकातून अण्णा भाऊंची शाहिरी कामगार वस्त्यांत पोहोचली. ज्या गिरणी कामगाराला स्वतःचं रेशन पुरत नव्हतं, त्याच्यापुढे हा शाहीर हजार कोसांवरच्या शेतमजुराची भूक मांडत होता. अण्णा भाऊ पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहायला गेले आणि अनेक वर्षं तिथेच राहिले. अशा शाहिरीतून उभ्या राहिलेल्या मदतीचा आकडा काढायला गेलं तर तो बंगालच्या गरजेपुढे नगण्यच असणार. पण जे सरकार ‘दुष्काळ’ हा शब्द उच्चारत नव्हतं, त्याच्या नाकावर टिच्चून तो शब्द चौकात म्हटला गेला, याला किंमत होती. वर्गणीच्या डब्यात पडणाऱ्या आण्यांपेक्षा ती मोठी होती.

त्याच सुमाराला वांद्र्यात एक वेगळीच भूक येऊन उतरली होती. १९३९मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतला आणि १९४०-४१मध्ये लाखो पोलिश कुटुंबांना मालगाड्यांत भरून सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकललं. जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर समीकरणं बदलली, करार झाला, आणि जिवंत राहिलेल्यांना सोडण्यात आलं. ते दक्षिणेकडे सरकले. भूक, टायफस आणि आमांश यांनी वाटेत शेकडो मुलं पोरकी झाली. मुंबईतल्या पोलिश कॉन्सल जनरलच्या पत्नी किरा बनासिन्स्का या पोलिश रेडक्रॉसचं काम पाहत. त्यांनी औषधं, कपडे आणि अन्न घेऊन लॉऱ्यांचा ताफा क्वेट्टा, झाहेदान, मशहद या वाळवंटी मार्गानं अश्गाबादला धाडला. माल उतरवून रिकाम्या झालेल्या त्या लॉऱ्यांतून येताना अनाथ मुलं आणली. पोलंडमधली त्या वेळची लाडकी गायिका हांका ओर्दोनुव्ना त्या मुलांबरोबर होती. एप्रिल १९४२मध्ये दीडशेहून अधिक मुलं मुंबईत पोहोचली आणि वांद्र्यात समुद्राजवळ राहिली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण थेट जामनगरला उडी मारतात. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी इथे या मुलांसाठी छावणी उभारली आणि त्यांना आसरा दिला, हे सगळं खरंच आहे. पण मला वांद्र्याचे ते तीनेक महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवायला घालणं जिवावर बेतू शकतं, हे तेव्हाच्या डॉक्टरांना अनुभवानं ठाऊक होतं. इराणच्या किनाऱ्यावर उतरलेल्या किती तरी पोलिश निर्वासितांना पहिलं जडान्न मानवलं नाही. थोडं थोडं, वारंवार, हलकं असं खाणं. केस उतरवणं, जुने कपडे जाळणं, अंघोळी, लसी. आणि मग भीती घालवणं. रशियातून आलेली ही मुलं उशीखाली पाव लपवून ठेवत, कारण उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. अशा आठवणी पुढे त्यांच्यापैकी अनेकांनी लिहून ठेवल्या आहेत. पाव लपवणं थांबलं म्हणजे मूल सावरू लागलं, ही कुठल्याही तक्त्यात न बसणारी मोजणी होती. छातीच्या विकाराची मुलं पुढे पाचगणीच्या हवेत ठेवण्यात आली.

मग वळिवडे. कोल्हापूरपासून काही मैलांवर, रेल्वेमार्गाजवळ, १९४३च्या उन्हाळ्यापासून सुमारे ५ हजार पोलिश माणसांचं एक गावच वसलं. बहुतेक बायका आणि मुलं, कारण धडधाकट पुरुष सैन्यात होते. कौलारू बराकी, चटयांच्या भिंती, प्रत्येक कुटुंबाला दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी. शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह, स्काउट पथकं सगळं त्यांचं त्यांनी चालवलं. आणि या छावणीत मोठा सामुदायिक भटारखाना नव्हता. माणशी ठरलेला भत्ता मिळे, बायका बाजारात जात, कोल्हापूरच्या भाजीवाल्यांशी घासाघीस करत आणि घरी येऊन आपल्या पद्धतीचं शिजवत. आज मदत संस्था ‘धान्याऐवजी रोख रक्कम द्या’ या धोरणावर परिषदा भरवतात. कोल्हापूरच्या वेशीवर ते तेव्हाच अमलात आलं होतं. ताटलीत पडेल ते खाणारा माणूस आणि आज वांगी घ्यावीत की बटाटे हे ठरवणारी बाई, यांच्यात फरक फक्त पोटाचा नसतो.

खर्चाची बाजूही पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला वळिवड्याचा खर्च लंडनमधल्या पोलिश परागंदा सरकारच्या नावावर होता. जुलै १९४५मध्ये ब्रिटन-अमेरिकेनं वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली, आणि वळिवड्यातल्या पाच हजार माणसांचं सरकार एका रात्रीत कागदावरून पुसलं गेलं. तरी चुली विझल्या नाहीत. खर्च आधी ब्रिटिशांनी उचलला, मग १९४६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ‘अनरा’ या संस्थेनं आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेनं. पैसे देणारा हात बदलला तरी घेणाऱ्याचा भत्ता तुटू न देणं हे मदतीतलं सगळ्यात अवघड काम. १९४८मध्ये छावणी उठली. त्याच बराकींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले आणि त्या जागेचं गांधीनगर झालं. कोल्हापूरला कापड खरेदीला जाणाऱ्या मंडळींना ही पेठ चांगली ठाऊक आहे. तिच्या पायाखाली दोन वेगळ्या विस्थापनांचे थर आहेत हे फारसं कुणी सांगत नाही. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान मोदी यांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली, तेव्हा कित्येक मराठी वाचकांनी वळिवडे हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

फाळणीनंतर मुंबईच्या बाजूलाही हेच झालं. कल्याणच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर झालं. मुलुंड आणि चेंबूरलाही निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. मुलुंड कॉलनी हे नाव त्या दिवसांतलंच. त्यावर स्वतंत्र लेख हवा. इथे एवढंच की छावणी तात्पुरती म्हणून उभी राहते आणि तिथे तिसरी पिढी जन्माला येते. मदत आखणाऱ्यांनी महिन्यांचा हिशेब केला की तो हमखास चुकतो.

युद्धात भुकेनं मेलेल्यांची गणती करताना एक गफलत नेहमी होते. उपाशी माणूस बहुतेक वेळा भुकेनं मरत नाही. भुकेनं पोखरलेल्या शरीराला एखादा साधा आजार घेऊन जातो. बंगालमध्ये मृत्यूंचा कळस झाला तो १९४३च्या अखेरीस, म्हणजे नवं भाताचं पीक हाताशी आलं तेव्हा. मलेरिया, पटकी आणि देवी यांनी तेव्हा उरलेल्यांना गाठलं आणि ही पडझड पुढचं वर्षभर चालू राहिली. धान्य आलं आणि माणसं मरतच राहिली. म्हणून डॉक्टर नसलेली अन्नमदत अर्धीच.

डॉक्टर पाठवण्याची परंपराही आपल्याकडे आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून काँग्रेसचं वैद्यकीय पथक चीनला निघालं. त्यात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचं वैद्यकीय शिक्षण परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात झालं होतं. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात जपानी वेढ्याच्या आत राहून शस्त्रक्रिया करत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंच्या चित्रपटानं त्यांना अमर केलं, पण चित्रपटात प्रेमकथा उजळते आणि खरा पेच मागे पडतो. औषधांच्या पेट्या नाकेबंदीत अडकत. शल्यविशारद हजर, जखमी हजर, आणि भूल द्यायचं औषध पन्नास कोसांवर कुणाच्या तरी परवानगीची वाट पाहत पडलेलं.

१९७१चं उदाहरण मात्र सगळ्यांत मोठं, कारण त्यानं औषधाची व्याख्याच बदलली. पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोट माणसं भारतात आली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली तेव्हा सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले: लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. जिथे शंभरातले तीसेक रोगी दगावत होते तिथे प्रमाण साडेतीनच्या आसपास आलं. नर्स नव्हे तर आई रोग्याला वाचवू शकते, हे त्या चिखलातल्या छावणीत सिद्ध झालं. आज आपल्या औषधाच्या दुकानात काउंटरवर रचून ठेवलेली ओआरएसची पाकिटं त्या धामधुमीतून आली आहेत. आणि या एक कोट माणसांचा खर्च? त्याचा एक अंश देशातल्या प्रत्येक पत्रलेखकानं दिला. नोव्हेंबर १९७१पासून टपालावर पाच पैशांचं ‘निर्वासित साहाय्य’ तिकीट जादा लावणं सक्तीचं होतं, आणि ते १९७३च्या मार्चपर्यंत चाललं. जुन्या ट्रंकांतल्या पत्रांवर ते अजून दिसतं. सक्तीचे पाच पैसे ऐच्छिक पाचशे रुपयांपेक्षा जास्त विश्वासाचे असतात, हे मला त्या तिकिटाकडे पाहून पटतं.

ओआरएससारखंच दुसरं साधन म्हणजे अंगणवाडी सेविकेच्या पर्समधली दंडघेराची पट्टी. मुलाच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळी, पुढे हिरवी. वजनकाटा नको, वयाचा दाखला नको. दंड मोजून उपाशी मूल ओळखण्याची ही रीत छावण्यांत रुळली ती नायजेरियाच्या यादवी युद्धात, १९६७ ते ७०च्या दरम्यान, फुटून निघू पाहणाऱ्या बियाफ्राच्या नाकेबंदीतली मुलं निवडायची होती तेव्हा. क्वेकर पंथाच्या स्वयंसेवकांनी त्यासाठी मोजकाठी बनवली. बियाफ्रातून हादरून परतलेल्या फ्रेंच डॉक्टरांनीच १९७१मध्ये ‘मेदसां सां फ्रोंतिएर’ ही संघटना काढण्यात पुढाकार घेतला. तीच संघटना गोवंडीत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत आली आहे. युद्धभूमी आणि उपनगर यांच्यातली हद्द वाटते तितकी पक्की नाही.

कायद्याचं काय? १९४९चा चौथा जिनिव्हा करार औषधांना आणि लहान मुलं व गरोदर बायका यांच्या अन्नाला वाट द्यायला सांगतो. पण त्याच कलमात पळवाट आहे: माल शत्रूच्या हाती पडेल अशी गंभीर भीती असेल तर अडवता येतो. ही भीती कुणाला नसते? १९७७च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलनं मात्र नागरिकांची उपासमार हे युद्धाचं साधन म्हणून वापरायला सरळ मनाई केली. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही. मे २०१८मध्ये सुरक्षा परिषदेनं २४१७ क्रमांकाच्या ठरावात उपासमारीच्या वापराचा एकमतानं निषेध केला. कागद भरपूर आहेत.

कायदा आणि वाट यांची गाठ कशी पडते ते १९९०मध्ये आपण स्वतः पाहिलं. इराकनं कुवेत गिळला, संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले आणि तिथे अडकलेल्या भारतीयांची उपासमार होण्याची वेळ आली. निर्बंधांत अन्नाला सूट होती, पण ‘मानवतावादी परिस्थिती’त, आणि ती परिस्थिती आहे की नाही हे एक समिती ठरवणार होती. भारतानं न्यूयॉर्कमध्ये पाठपुरावा करून मंजुरी मिळवली आणि ‘विश्वसिद्धी’ हे जहाज सुमारे १० हजार टन अन्न घेऊन कोचीहून निघालं. त्याच महिन्यांत अम्मानहून एअर इंडियाची विमानं सहार विमानतळावर उतरत होती. जवळपास पावणेदोन लाख माणसं त्या मोहिमेत परत आली. अंधेरी-मरोळच्या जुन्या रहिवाशांना ती गर्दी आठवत असेल. विमानांवर चित्रपट निघाला. जहाजाच्या मंजुरीसाठी झालेल्या बैठकांवर निघणार नाही, तरी धडा त्यांच्यात जास्त आहे.

आता सध्याचं. उपासमार मोजण्यासाठी जगात ‘आयपीसी’ नावाची पाच पायऱ्यांची श्रेणी वापरतात. पाचवी पायरी म्हणजे दुष्काळ: पाचातलं एक कुटुंब पूर्ण उपाशी, तीस टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. इतकं झाल्यावरच तो शब्द वापरता येतो, म्हणजे शब्द येईतो प्रेतं पडलेली असतात. सुदानमध्ये झमझम छावणीला तो ऑगस्ट २०२४मध्ये लागला, गाझा शहर परिसराला २२ ऑगस्ट २०२५ रोजी. इस्रायलनं तो निष्कर्ष फेटाळला. सुदानच्या सरकारनंही आपला फेटाळला होता. १९४३च्या बंगाल सरकारची आठवण इथे होते. ऑक्टोबर २०२५मध्ये गाझात युद्धबंदी झाली, ट्रक वाढले, आणि डिसेंबरच्या मोजणीत दुष्काळाची श्रेणी उठली. भूक संपली नव्हती, मुलं सावरली नव्हती. पण दोन महिन्यांत तिथे कुठलंही नवं पीक आलेलं नव्हतं. बदललं होतं ते फाटकांचं वेळापत्रक. विमानातून पॅराशूटनं टाकलेली खोकी दूरदर्शनवर छान दिसतात, पण ती महाग, थोडी आणि दांडग्याच्या हाती पडणारी असतात. रस्त्यानं येणाऱ्या ट्रकला पर्याय नाही.

सुदानमधलं चित्र वेगळं आहे. तिथे मोहल्ल्या-मोहल्ल्यांतल्या तरुणांनी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ नावानं सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. परदेशी संस्था पोहोचू शकत नव्हत्या तिथे गल्लीतली पोरं मसूर शिजवत होती. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेनं मदत गोठवली तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. चूल होती, वाढणारे हात होते. दूरवरच्या एका सहीनं पैसा थांबला. वळिवड्यात १९४५ साली जे टळलं ते इथे टळलं नाही.

‘आधी घरचं बघा’ हा आक्षेप या विषयात येणारच. जुलै २०२५मध्ये गाझासाठी आझाद मैदानावर निदर्शनं करू द्यावीत ही माकपची याचिका फेटाळताना मुंबई उच्च न्यायालयानंही आपल्या देशातल्या प्रश्नांकडे पाहा, अशा अर्थाचं सुनावलं होतं. पुढच्या महिन्यात त्याच मैदानावर परवानगी मिळाली. घरचं पाहायला हवं यात वाद नाही. २०२२च्या हिवाळ्याच्या तोंडावर गोवंडीत गोवरानं मुलं दगावली. लस चुकलेली आणि अंगात ताकद नसलेली मुलं, म्हणजे निर्वासित छावणीत घडतं तेच. आपत्तीतल्या छावणीसाठी जगानं मानलेला किमान दंडक माणशी रोज १५ लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक संडास असा आहे, आणि तो आपल्या कित्येक झोपडपट्ट्यांना अजून जमलेला नाही. पण घरचं आणि बाहेरचं अशी ही वाटणीच मला मान्य होत नाही. दंडाची पट्टी बियाफ्रातून आली, ओआरएस बनगावातून, रेशन कार्ड रंगूनच्या पाडावातून. बाहेरच्या भुकेशी झुंजताना जे हाती आलं तेच घरी उपयोगी पडलं आहे.

राहता राहिली आपली सोसायट्यांमधली मदत. कुठेही काही झालं की गटावर निरोप फिरतो, तळमजल्यावर जुने कपडे, बिस्किटं आणि मुदत संपत आलेली औषधं यांचा ढीग होतो. हेतू चांगला असतो. पण युद्धाच्या मुलखात अशा ढिगाचं वर्गीकरण करायलाच माणसं गुंततात, आणि अनोळखी औषधांची विल्हेवाट लावणं हा वेगळाच खर्च होतो. पैसे द्यावेत, आधीपासून तिथे असणाऱ्याला द्यावेत, आणि दिल्यावर सरकारला विचारावं की आपण कुठल्या फाटकासाठी कुणाशी बोलतो आहोत.

असं बोलणं काय असतं याचा अलीकडचा दाखला अफगाणिस्तानचा. ऑक्टोबर २०२१मध्ये भारतानं ५० हजार टन गहू द्यायचं ठरवलं. गहू सरकारी गोदामांत पडून होता. जायचं होतं पाकिस्तानातून. ट्रक भारतीय असावेत की अफगाण, माल कुणाच्या देखरेखीखाली उतरावा, किती दिवसांत सगळं संपवावं यावर महिने गेले. अखेर २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अटारीहून पहिले ५० अफगाण ट्रक अडीच हजार टन घेऊन निघाले, आणि जलालाबादला तो गहू जागतिक अन्न कार्यक्रमाच्या ताब्यात गेला. मार्च २०२३मध्ये आणखी २० हजार टन जाहीर झाला, तेव्हा भारतानं खुश्कीचा रस्ता सोडून इराणचं चाबहार बंदर निवडलं.